‘पा’वरचा थांबा

मेहकर, ता. ९ ऑगस्ट १९३७

गुरुवर्य उकंडरावकाका यांस निजामचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

तुमच्या घशाचा त्रास आता कसा आहे ते कळवावे. देऊळघाटला ओट्यावर बसून तुम्हाला वाटत असेल, निजामचे मेहकरात बरे चालले आहे. तसे नाही, आणि ते का नाही हे तुम्हालाच विचारायचे आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे की येथील वाचनालयाच्या मंडळींनी मला मागची खोली राहायला दिली ती दोन कामांसाठी. दिवसा झाडलोट करून वर्तमानपत्रे लावायची, आणि रविवारी संध्याकाळी ओसरीवर पेटी घेऊन तुमच्या नाटक कंपनीतली पदे म्हणायची. ऐकायला येणारे सगळे साठीच्या पुढचे. सगळ्यांनी ऐन उमेदीत तुम्हाला नायिकेच्या वेषात पाहिले आहे. त्यांना दुसरे पद नको असते. मी पेटीचा भाता उघडला की म्हणतात, ‘मेणा दारी उभा’ होऊ दे.

मी म्हणतो, "मेणा दारी उभा, भाऊराया, वाट पाहू किती." ‘भाऊराया’पर्यंत माना डोलतात. ‘वाट पाहू किती’ झाले की सगळ्यांची तोंडे पडतात. बायकांच्या बाजूला सोजराबाई म्हणून एक म्हातारी बसते, तिचा शब्द इथे कोणी मोडत नाही. ती दर वेळी म्हणते, "चांगलं म्हनलं रे पोरा, पन तसं नाई." तसे म्हणजे कसे, हे विचारले तर सगळे एकदम सांगतात की उकंडराव ‘पा’वर थांबत. मी म्हटले, ‘वाट’वर थांबत असतील किंवा ‘किती’वर. नाही म्हणाले, ‘वाट पा’, आणि थांबत, आणि मग ‘हू किती’.

काका, ‘पाहू’ हा एक शब्द आहे. मी पाचवीपर्यंतच शिकलो, पण शब्द मधून मोडायचा नाही एवढे मला पहिलीतच कळले. आमच्या घरात दुसरी बोली, म्हणून मराठी शब्दाला मी जास्तच जपतो. माझ्याकडून काना-मात्रा चुकली तर लोक माझ्या नावाकडे बोट दाखवतील, हे मनातून जात नाही.

त्यात अर्जुनराव. हे वाचनालयाचे चिटणीस, कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या मनात तबकड्या वाजवणारा फोनो घ्यायचे आहे. मागच्या रविवारी ते सगळ्यांसमोर म्हणाले की तबकडी चुकत नाही आणि चहाही मागत नाही. सगळे हसले. मीही हसलो, दुसरे काय करणार. मला ठेवायचे की फोनो आणायचा हे दिवाळीच्या पाडव्याच्या बैठकीत ठरणार आहे. फोनो आला तर मला सुलतानपूरला भावाच्या पिंजणावर परत जावे लागेल. कापसाची धूळ घशात बसली की सूर कसा जातो ते मी एकदा पाहिले आहे.

तेव्हा एवढेच कळवा. तुम्ही ‘पा’वर थांबत होता काय? थांबत असाल तर मला का शिकवले नाही?

आपला निजाम


देऊळघाट, ता. १७ ऑगस्ट

निजाम बेटा, आशीर्वाद.

मी बोलतो अन् माझी लेक सत्यभामा लिहिते. ती म्हणते बाबा नीट बोला, पत्रात जाते. मी म्हटलं, जसं बोलून राह्यलो तसं लिही, निजाम दुरुस्त करून वाचीन.

मी ‘पा’वर थांबत नव्हतो. लोक थांबवत. मी ‘वाट पा’ म्हटलं की मागून होकाराचा आवाज उठे, हाव, हाव! मग सारा मांडव हाव म्हणे. त्या गलक्यात पुढचं कोण ऐकणार? मी हात जोडून, मान खाली घालून उभा राहायचो. आवाज बसला की ‘हू किती’. मेहकर असो, लोणार असो, चिखली असो, हाव चुकलं नाही. पेटीवाले तीन बदलले, मालक बदलला, हाव तेच.

आता हे शिकवता येते काय? तुले शिकवलं असतं तं तू तिथं थांबून लोकांच्या तोंडाकडे पाहत बसला असता, की म्हणा आता हाव. भीक मागितल्यासारखं. ते त्यांच्या पोटातून यावं लागते.

येत नाही तं काऊन येत नाही ते पाह्य. तुझं गाणं मले माहीत आहे. स्वच्छ असते. घडी घातलेल्या धोतरासारखं. नेसून दाखव बे.

घसा तसाच आहे. वैद्य म्हणतो बोलू नका. त्याच्याशी भांडण्यात अजून बसला.

उकंडराव


मेहकर, ता. १३ सप्टेंबर

गुरुवर्य काकांस सलाम व नमस्कार.

तुमचे पत्र खिशात ठेवून मी सगळे करून पाहिले. हळू म्हटले, तर मागून ‘जोरानं’ असे ओरडले. जोराने म्हटले, तर एक गृहस्थ उठून आत वर्तमानपत्र वाचायला गेले. डोळे मिटून म्हटले, तेव्हा सोजराबाईने शेजारणीला विचारले की पोराला झोप लागली काय. एकदा मला खरोखरच रडू आले. माझी मोठी बहीण सासरी जाताना मी भावाबरोबर गाडीमागे धावलो होतो ते आठवले. आवाज फुटला. अर्जुनराव म्हणाले, याला पडसे झालेले दिसते. एका रविवारी तर मी म्हणत असताना फोनोच्या चित्रांचे पुस्तक हातोहात फिरत होते, आणि ते माझ्या पेटीवरून पलीकडे देण्यात आले.

तुम्ही म्हणता पोटातून यावे लागते. यांच्या पोटात काय आहे ते मला कळेनासे झाले. काल मी खोलीतून ठरवून निघालो की आता पुरे. रागाच्या भरात मी ‘वाट पा’ म्हटले आणि पेटीवरचा हात उचलला. मोडला तर मोडला शब्द.

काका, सगळी ओसरी ओरडली. हाव, हाव! अर्जुनरावसुद्धा. मी स्वतःच्या कानांनी ऐकले. मग मी ‘हू किती’ म्हटले तेव्हा तीनचार जणांनी उपरण्याने डोळे पुसले. मी इतका गोंधळलो की पुढचे पद चुकीच्या पट्टीत सुरू केले, आणि त्याबद्दल कोणी काही बोलले नाही.

एक गोष्ट मात्र समजली नाही. ओरडताना माझ्याकडे कोणीच पाहत नव्हते. सगळ्यांच्या माना वर, आढ्याकडे. मीही वर पाहिले. आमची बत्ती आणि एक पाल, दुसरे काही नव्हते.

आता विनंती. मंडळी म्हणतात की पाडव्याला उकंडराव स्वतः येऊन ऐकतील आणि पोरगे बरोबर म्हणते असे चारचौघांत सांगतील, तर फोनोचा विषय काढणार नाही. तुमच्या एका शब्दावर माझे राहणे आहे. गाण्याची सक्ती नाही. फक्त बसायचे आणि बोलायचे, तेही थोडे.

आपला निजाम


देऊळघाट, ता. २२ सप्टेंबर

निजाम बेटा, आशीर्वाद.

हाव मिळालं, बरं झालं. पण एक लक्षात ठेव. तू आधी थांबला, मग ते म्हणाले. माझ्या वेळेस ते म्हणत अन् मग मी थांबे. फरक आहे. आहे तर आहे, तू नवा आहेस.

वर काऊन पाहतात विचारतं. अरे वेड्या, म्हातारी माणसं डोळ्यांतलं पाणी आत जिरवतात. मान खाली घातली की गळते. एवढं तुले समजत नाही अन् रडायचं पद म्हणतं.

मी येतो पाडव्याले. सत्यभामेनं शेला धुऊन ठेवला. कोण कोण हाव म्हणालं त्यांची नावं कळव. मले समोर बसव. आजवर हाव मी वरून ऐकलं, नाटकातलं तोंड रंगवून. एकदा खाली लोकांत बसून ऐकायचं आहे. वीस-बावीस वर्षांत मले कोणी हाव म्हटलं नाही. घरात तर नाहीच. सत्यभामा हे वाक्य लिहायला तयार नव्हती.

उकंडराव


मेहकर, ता. ११ ऑक्टोबर

गुरुवर्य काकांस सलाम.

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडले. तुम्हाला न कळवावे असेही मनात आले. पण पाडव्याला तुम्हाला ते सोजराबाईच्या तोंडून, सगळ्यांसमोर आणि मोठ्याने कळेल. त्यापेक्षा माझ्याकडून कळलेले बरे.

तुम्ही येणार म्हणून मला काळजी लागली होती की त्या दिवशी मंडळी नेमकी गप्प बसली तर? म्हणून काल बैठक संपल्यावर मी सोजराबाईला हात जोडले. म्हटले, काकी, पाडव्याला सगळ्यांनी ‘हाव’ जरा स्पष्ट म्हणावे, काका समोर बसणार आहेत. ती म्हणाली,

"हाव काय्ले म्हनू बापा? आमी हवा म्हन्तो. हवा! बत्तीत हवा भर!"

मग तिने सांगितले ते तसेच लिहितो. तुमच्या कंपनीची मधली गॅसबत्ती गळकी होती. ‘मेणा दारी उभा’ तिसऱ्या अंकात येई, आणि तोवर तिच्यातली हवा उतरलेली असे. ‘भाऊराया’च्या सुमारास उजेड पिवळा पडू लागे. मागच्या लोकांना तुमचे तोंड दिसेनासे झाले की ते बत्तीवाल्याला ओरडत, हवा, हवा. तो स्टुलावर चढून पंप मारी. तेवढा वेळ तुम्ही हात जोडून, मान खाली घालून उभे. मग बत्ती पांढरीफेक होई, तुमची नथ चमके, आणि तुम्ही मान वर करून ‘हू किती’ म्हणत. सोजराबाई म्हणाली की त्या वेळी वाटे, आपलीच पोर मेण्यात बसून राह्यली. तिच्या पोरीला त्याच साली सासरी धाडली होती. कंपनी ज्या गावी गेली तिथे ती बत्ती गेली, म्हणून गावोगाव तेच.

काना ‘ह’ला द्यायचा की ‘व’ला, एवढाच फरक. मी, निजाम, ज्याने आजवर पत्रात एक काना चुकवला नाही, मी स्वतःच्या कानांनी ऐकून तुम्हाला ‘हाव’ लिहून पाठवले. तुम्ही तसे सांगितले होते म्हणून मला तसे ऐकू आले.

यात तुमच्या गाण्याला काही कमीपणा नाही. लोक रडत ते खरेच होते, आजही रडतात. पण मला राग आला आहे आणि तो कोणावर काढावा कळत नाही. जे घासलेटात होते ते मी इतके महिने गळ्यात शोधत होतो. थोडा राग तुमच्यावरही आहे, तो माफ करावा.

पाडव्याला या. मी मंडळींना सांगून ठेवतो की त्या दिवशी ओरडू नका.

आपला निजाम


देऊळघाट, ता. २० ऑक्टोबर

निजाम यास,

पत्र मिळालं. कंपनीत मी ‘पा’ म्हणत होतो तेव्हा तू जन्मला नव्हता. हाव अन् हवा मले समजते. कोणाले काही सांगून ठेवू नको. घसा बरा नाही. येणं होत नाही.

उकंडराव

निजामभाऊ, हे खालचे मी माझे लिहिते. बाबांनी तुमचे पत्र मला दोनदा वाचायला लावले. शेला ट्रंकेत परत ठेवला. काल जेवताना मला विचारले, सत्यभामे, आपला बत्तीवाला कोणत्या पदाला चढत होता ग. मी तेव्हा पाळण्यात होते, मला काय ठाऊक. तर म्हणाले, तो माझ्यासमोर चढत होता अन् मले वाटे, हाही ऐकायले जवळ आला. तुम्ही कळवायला नको होते की बरे केले, हे मला ठरवता येत नाही. सत्यभामा.


मेहकर, ता. ८ नोव्हेंबर

गुरुवर्य काकांस सलाम व नमस्कार.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटारस्टँडवर धावत आलो, तेव्हा तुमची मोटार नुकतीच गेली होती. तिच्या मागची धूळ दिसत होती. बोलायचे राहिले, म्हणून लिहितो.

तुम्ही येणार नाही असे मी बैठकीला सांगून बसलो होतो. अर्जुनरावांचे जावई खामगावहून फोनो घेऊन आले होते. तो माझ्या जागेवर, टेबलावर ठेवलेला. आधी तबकड्या वाजल्या. सगळ्यांनी नीट बसून ऐकल्या, कोणी ‘तसं नाई’ म्हटले नाही. तबकडीला काय सांगणार. मग मला पेटी घेऊन टेबलाच्या बाजूला बसवले. मी सूर धरतो तोच पायरीवर तुम्ही, खांद्यावर शेला. सगळे उठून उभे राहिले. तुम्ही माझ्याकडे पाहिले नाही. समोर बसलात आणि हाताने खूण केलीत की चालू दे.

मी न थांबता म्हणायचे ठरवले होते. तुमच्या कानांवर ते पडू नये म्हणून. पण ‘पा’वर हात आपोआप उचलला गेला. सवय लागली होती, काका. आणि ते ओरडले. हवा, हवा! माना वर करून, पोरांसारखे हसत. तुमच्याकडे पाहण्याची माझी हिंमत होईना. सगळ्यांचे ओरडून झाले, आणि मग पुढच्या रांगेतून एक बसका आवाज आला, मागाहून, एकटा. मला तो ‘हाव’ असा ऐकू आला.

त्यानंतर मला ‘हू’ म्हणता येईना. सोजराबाई पलीकडून म्हणाली, "पोरा, मेना चालला तुहा." तेव्हा म्हटले.

शेवटी अर्जुनरावांनी तुम्हाला विचारले, की उकंडराव, पोरगे बरोबर म्हणते काय. तुम्ही घशाला नुसता हात लावलात. अर्जुनरावांनी तो होकार धरला, पण अर्धाच. असे ठरले की फोनोही घ्यायचा आणि मलाही ठेवायचे. आधी तबकड्या, मग मी.

सुलतानपूरचे पिंजण टळले, म्हणून मी आनंदी असायला हवे. पण नाही. कालच्या रविवारी मंडळी तबकड्या संपायची वाट पाहत होती, कारण त्यांना ओरडायचे होते. ‘भाऊराया’लाच एकजण हसू लागला. आता ते पद राहिले नाही, तो एक खेळ झाला आहे. ती ओळ मी अख्खी, एका श्वासात, माणसांसमोर म्हणून किती दिवस झाले. रोजे सुरू झाले आहेत. संध्याकाळी रोजा सोडून, कोरड्या गळ्याला दोन घोट पाणी लावून मी तिथे जातो, ते अर्ध्या शब्दावर थांबण्यासाठी.

आता मला एवढेच हवे आहे. तुम्ही त्या दिवशी काय म्हणालात ते स्पष्ट लिहून कळवा. मी तुमच्या शब्दासाठी तुम्हाला बोलावले होते. बत्ती मंदावली नव्हती. तिच्यात हवा मीच भरली होती, काठोकाठ.

आपला निजाम


देऊळघाट, ता. १६ नोव्हेंबर

निजाम बेटा, आशीर्वाद.

मी हवा म्हटलं. बत्ती मंदावली होती. तू पेटीकडे पाहत होता, मी समोरून पाहत होतो. सत्यभामा लिहिता लिहिता थांबून विचारते की काना कुठं देऊ. मी म्हटलं सांगितलं तिथं दे.

तुले राग आला आहे, तो मले पटते. मलेही आला होता. मेहकरले येईपर्यंत मोटारीत आला, परत येताना उतरला. खाली बसून पाहिलं ना मी त्यांचं तोंड. ओरडताना म्हातारे कसे दिसत होते ते तू वर बसून नाही पाहिलं. ती सोजराबाई तं पार सासरी जायच्या वयाची दिसून राह्यली होती. त्यांना उकंडरावही नको, निजामही नको. त्यांना तो मांडव पाहिजे. तो तू देऊन राह्यला, द्यावा. पण दर रविवारी देऊ नको.

मी घरी आल्यावर हिशेब लावला. कंपनीत ती ओळ मी कधी अख्खी म्हटलीच नाही. आधी लोक ओरडत म्हणून, मग नवी बत्ती आली तरी मले सवय झाली म्हणून. उभ्या जन्मात ‘वाट पाहू किती’ मी सलग म्हटलं ते इथं, ओट्यावर, तुले शिकवताना. तेव्हा आवाज अर्धा गेला होता. ऐकायले तू एकटा, अन् तू हातात पाटी घेऊन शब्द लिहून राह्यला होता. काही बोलला नाही. नुसतं विचारलं, काका, हू दीर्घ का ऱ्हस्व?

ती ओळ तुझ्याजवळ आहे, दुसऱ्या कोणाजवळ नाही. फोनोतही नाही.

येत्या रविवारी थांबू नको. ओरडले तं ओरडू दे, तू त्यांच्या आवाजावरून जाय. ‘तसं नाई’ म्हणतीन, म्हणू दे. अर्जुनराव आढ्याकडे पाहीन, पाहू दे. बत्तीत आधी हवा भरू नको. उजेड पिवळा पडला तरी पेटीवरचा हात उचलायचा नाही. ‘किती’पर्यंत जाय, तिथं श्वास सोड, अन् मग मान वर करून पाह्य, कोण गप्प बसलं आहे.

रोज्यात घसा जप. पाणी एकदम गार पिऊ नको.

उकंडराव